ट्रॅक्टरचा नट जाम झालाय? पाना उचलायच्या आधी हे वाचा



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बोर्लीच्या जवळच एका गटाचा छोटा ट्रॅक्टर आहे. वाडीत, पोफळींच्या मधून फिरतो तेवढाच, वीसेक हॉर्सपॉवरचा, जुना घेतलेला. तो चालवताना एका बाजूला ओढायला लागला. मिस्त्रींनी बघून सांगितलं, टाय रॉडचं टोक झिजलंय, नवीन बसवून घ्या. नवीन टोक श्रीवर्धनहून आलं सुद्धा. पण नवीन बसवायचं तर आधी जुनं निघायला हवं, आणि त्याचा नट काही केल्या हलेना. मग आजूबाजूचे दादा लोक मदतीला आले. पान्याला पाण्याचा लोखंडी पाईप अडकवला, एकजण पाईपवर चक्क उभा राहिला. टक्कन आवाज आला. सगळ्यांना वाटलं सुटला.

सुटला नव्हता. टोकाचा आट्यांचा दांडा रॉडच्या आतच मोडून बसला होता. आता पूर्ण रॉड बदलायचा, तो इकडे मिळेना, बाहेरून मागवला. त्यात दहा दिवस गेले. तोवर पाऊस सुरू झाला, ज्यांनी भाड्याने ट्रॅक्टर सांगून ठेवला होता त्यांनी दुसरीकडे सोय केली, आणि गटाचा कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचाच होता.

नंतर म्हसळ्याच्या एका मिस्त्रींनी तो मोडका तुकडा हातात घेऊन दाखवला. त्या बाजूचे आटे उलटे होते. म्हणजे आपण सगळे मिळून नट सोडवत नव्हतो, जीव खाऊन आवळत होतो! मीही तिथेच उभी होते, "अजून थोडा जोर लावा" म्हणत. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात पान्यांचे नंबर शिकवत नाहीत, हे खरं आहे, पण ही सबब काही हप्त्याच्या कामाला येत नाही. म्हणून त्यानंतर मिस्त्रींकडे बसून जे शिकले ते इथे लिहिते आहे. आपल्या संघात ज्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आहे त्यांनी हे वाचून गटात बोलून दाखवा.

आधी नट जाम का होतो ते बघू. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, हे आपल्याला माहीत आहे. पण गंज ही नुसती वरची घाण नव्हे. जेवढं लोखंड गंजतं, त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो गंज घेतो. आपल्याकडच्या जुन्या स्लॅबचं प्लास्टर फुगून खाली पडतं ना, ते यामुळेच. आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटला बाहेर ढकलते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसभर फट असते. त्या फटीत गंज फुगला की तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

त्यात आपण समुद्राकाठी राहतो. वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि सगळ्यावर बसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, बघा. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. नटावर बसलेलं मीठही तेच करतं. म्हणजे पाऊस नसला, ट्रॅक्टर छपराखाली असला, तरी आपल्या दिवेआगर-दिघीच्या हवेत तो नट ओलाच राहतो. आणि खारट पाण्यात गंज साध्या पाण्यापेक्षा जोरात चढतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कितीतरी जणींच्या शेडचे पत्रे उडाले आणि यंत्रं तशीच पावसात भिजत राहिली. आज नट सुटत नाहीत त्यातल्या काहींचा गंज तेव्हापासूनचा असणार.

आता ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे वाकून बघा. स्टिअरिंग फिरवलं की त्याच्या खालच्या डब्यातून एक आर्म हलतो, तो एका दांड्याने एक चाक वळवतो, आणि दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा दुसरं चाकही बरोबर वळवतो. हा आडवा दांडा म्हणजे टाय रॉड. (काही ट्रॅक्टरना मधून दोन बाजूंना दोन दांडे असतात.) त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, म्हणजे गोळी आणि वाटी, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. प्रत्येक टोकाला दोन नट बघायला मिळतील. एक, गोळीच्या खुंटीवरचा. याला वरून खाचा असतात, मुकुटासारखा दिसतो, आणि खाचेतून एक वाकवलेली पिन गेलेली असते, ती स्प्लिट पिन. दुसरा, टोक जिथे रॉडमध्ये शिरतं तिथला चपटा लॉक नट. हे टोक रॉडमध्ये आत-बाहेर फिरवून चाकं सरळ करतात, आणि मग ते फिरू नये म्हणून लॉक नट आवळतात.

आमचा घोटाळा या लॉक नटावर झाला. रॉड जागेवरच फिरवून लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून बहुतेक टाय रॉडच्या एका टोकाचे आटे नेहमीसारखे आणि दुसऱ्या टोकाचे उलटे असतात. उलटे म्हणजे सोडवायला उजवीकडे फिरवायचे, घड्याळाच्या काट्यासारखे. हे नवीन वाटत असेल तर घरातली सायकल बघा. डाव्या पायडलचे आटे उलटेच असतात. ओळखायचं कसं? तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि रॉडचं टोक उभं आहे अशी कल्पना करून समोरून बघा. रेघा उजवीकडे वर चढत असतील तर सरळ आटे. डावीकडे वर चढत असतील तर उलटे. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ती दोन मिनिटं दिली नाहीत.

काम सुरू करायच्या आधी ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या, ब्रेक लावा, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाची उटी लावा. पुढचा भाग जॅकवर उचललात तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, आक्साखाली जाड लाकडी ठोकळे रचा. आणि इथे एक सांगते, कारण मी हे दोन ठिकाणी पाहिलंय: जांभ्याचा चिरा लावू नका. अंगणात पडलेला असतो, हाताशी येतो, म्हणून आपण तोच उचलतो. पण जांभा एका बिंदूवर भार आला की फुटतो, सांगून फुटत नाही. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या. बांगड्या काढून ठेवलेल्या बऱ्या. डोळ्याला चष्मा हवाच, साधा प्लास्टिकचा चालेल. ठोकताना गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात उडतात.

मग पहिलं काम साफसफाई. चिखल, जुनं ग्रीस, सुटा गंज सगळं तारेच्या ब्रशने काढा. बोल्टच्या उघड्या आट्यांवरचा गंज राहिला तर नट सुटूनही त्याच गंजावर परत अडकतो. स्प्लिट पिनचे पाय पकडीने सरळ करून ती ओढून काढा. गंजून मोडली तर मोडू द्या, ती पुन्हा वापरायचीच नसते. उरलेला तुकडा बारीक खिळ्याने ठोकून बाहेर काढा. पिन आत ठेवून नट फिरवायला गेलात तर खुंटीचे आटेच खराब होतील.

यानंतर तेल. दुकानात गंज सोडवायचा स्प्रे मिळतो. डब्ल्यूडी-४० तुम्ही पाहिला असेल, निळा-पिवळा डबा. १९५३ साली अमेरिकेत रॉकेटच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो शोधला, आणि पाणी हटवण्याचा चाळीसावा प्रयत्न जमला म्हणून नावात ४० आहे. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑईल मिसळूनही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. तेल पातळ हवं, कारण त्याला केसभर फटीत शिरायचंय. घट्ट ग्रीस या वेळी उपयोगाचं नाही. स्वयंपाकाचं तेलही नको, ते आत शिरत तर नाहीच, वर दिवसेंदिवस चिकट होऊन बसतं. एका बैठकीत एका काकींनी विचारलं, आमसुलाचं आगळ लावलं तर? तांब्याची भांडी आपण आंबटानेच लख्ख करतो, तेव्हा प्रश्न अगदी बरोबर होता. आंबट गंज विरघळवतं हे खरं आहे. पण आगळात मीठ असतं, आणि मिठानेच तर हे सगळं झालंय. सुटे काढलेले छोटे भाग चिंचेच्या कोळात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून घासले तर चालतं. नंतर साध्या पाण्याने धुवायचे, उन्हात कोरडे करायचे आणि लगेच तेल लावायचं. ट्रॅक्टरवर बसलेल्या नटाला मात्र आंबट लावू नका, ते आट्यांत राहून पुढे लोखंड खातं.

तेल मारून लगेच पाना लावायची घाई सगळ्यांना होते. इथेच थांबायचं. संध्याकाळी तेल मारा, लहान हातोडीने नटाच्या सपाट बाजूंवर चारी अंगांनी टक-टक करा, जोरात नाही. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर ठोका नटाला नीट लागतो. या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि त्यातून तेल आत उतरतं. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टक-टक. संध्याकाळी परत. साधारण दोन-तीन दिवस हे करायचं. म्हणूनच म्हणते, हे काम मेच्या शेवटी काढू नका, एप्रिलमध्ये काढा. पाऊस तोंडावर आला की माणसाचा धीर सुटतो आणि मग पाईप येतो.

पाना कुठला घ्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. स्क्रू पाना, जो लहान-मोठा करता येतो, तो अशा नटाला लावूच नका. तो घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. गोल झालेल्या नटाला मग काहीच धरत नाही. बरोबर मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्या, सहा कोपऱ्यांचा मिळाला तर उत्तम. नटावर तो सैल हलत असेल तर माप चुकलं. पाना स्वतःकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. ढकलताना अचानक सुटला तर हाताची बोटं थेट आक्सावर आपटतात. लॉक नट सोडवताना दुसऱ्या पान्याने किंवा पाईप पान्याने रॉड धरून ठेवा, नाहीतर सगळा जोर बॉल जॉइंटवर जातो.

आणि आता एक उलटी वाटणारी गोष्ट. पहिला झटका सोडवायच्या दिशेला नाही, आवळायच्या दिशेला द्यायचा. अगदी किंचित, नुसता हलला पाहिजे. त्याने गंजाची पकड तुटते. मग सोडवायच्या दिशेला. हलला की आनंदाने भराभर फिरवू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, परत पाव फेरा. आतला गंजाचा भुगा बाहेर यायला वाट मिळाली पाहिजे. नाहीतर अर्ध्यावर येऊन नट पुन्हा जाम होतो आणि या वेळी आट्यांसकट सोलून निघतो.

खाचांचा नट फिरवताना कधी कधी खालची खुंटीच बरोबर गरगर फिरते. तेव्हा खालून जॅकने किंवा लाकडाच्या तरफेने बॉल जॉइंट वर दाबून धरा, खुंटी आपल्या जागेत घट्ट बसते आणि नट एकटा फिरतो. नट निघाला तरी खुंटी आर्ममधून लगेच बाहेर येत नाही, कारण ती खालून वर निमुळती असते, पाचरीसारखी रुतलेली. आपण काय करतो, वरून आट्यांवर हातोडा घालतो. आटे चेपतात आणि काम संपतं. त्याऐवजी नट दोन-तीन आटे तसाच राहू द्या, आणि आर्मचा जो डोळा खुंटीला धरून आहे त्याच्या बाजूवर एक-दोन दणदणीत ठोके द्या, पलीकडे जड हातोडा टेकवून. डोळा क्षणभर ताणतो आणि खुंटी टपकन खाली येते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला जादूच वाटली होती.

जुनं टोक रॉडमधून फिरवून काढायच्या आधी मात्र लॉक नट जिथे बसला होता तिथे खूण करा. नेलपॉलिश यासाठी फार छान, तेलाने पुसली जात नाही. टोक किती फेऱ्यांत बाहेर आलं ते मोजून वहीत लिहा. नवीन टोक तेवढ्याच फेऱ्या आत घाला. ही लांबी बदलली तर दोन्ही चाकं एकमेकांशी सरळ राहत नाहीत, टायर एका बाजूने झिजतो आणि ट्रॅक्टर पुन्हा ओढायला लागतो.

एवढं सगळं करूनही नट हलला नाही तर? तर मिस्त्रींना बोलवा, त्यात कमीपणा काही नाही. ते नट छिन्नीने किंवा कानशीने फोडून काढतात. नट स्वस्त असतो, तो जाऊ दे. गॅसने तापवून नट सैल करतात हेही तुम्ही पाहिलं असेल. तापल्यावर नट फुगतो आणि सुटतो, युक्ती खरी आहे. पण बॉल जॉइंटच्या आत ग्रीस आणि बाहेर रबर असतं, वर आपण दोन दिवस तेल मारलेलं असतं, आणि डिझेलची टाकी हातभर अंतरावर. शिवाय स्टिअरिंगचे आर्म घडवून कडक केलेले असतात, लाल होईपर्यंत तापवले की मऊ पडतात. दिसायला तसेच दिसतात, आणि एक दिवस चढावर वाकतात. म्हणून घरी गॅस नाही. जो भाग ट्रॅक्टरवर राहणार आहे तो कुणी लालबुंद तापवत असेल तर तुम्ही मालकीण म्हणून थांबवा. तसंच, स्टिअरिंगच्या डब्यातून निघणाऱ्या आर्मचा मोठा नट आपण उघडायचा नाही. तो चुकीच्या जागी बसला तर स्टिअरिंग एका बाजूला कमी वळतं.

ज्यांच्याकडे पॉवर टिलर आहे त्यांना टाय रॉड नाही, पण त्यांचंही वळणं नट-बोल्टवरच आहे. हँडलखालचे दोन क्लच, त्यांच्या तारा, खालचा काटा, या सगळ्यांचे नट असेच जाम होतात. डावा क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद सुटते आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र हेच उलटं होतं: सुटलेलं चाक इंजिनच्या ताब्यात राहत नाही, ते मोकळं पळतं, आणि टिलर भलत्याच बाजूला जातो. म्हणून उतारावर हे क्लच वापरायचे नाहीत, हँडलने वळवायचं. आणि एक क्लच गंजून अर्धवट अडकलेला असेल तर तो टिलर बांधावर नेऊच नका. आपली खाचरं उतारावर आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बसवताना आटे कोरडे पुसून त्यांना हलकासा हात ग्रीसचा. खुंटीच्या निमुळत्या भागाला मात्र ग्रीस नाही, तो स्वच्छ आणि कोरडाच बसवायचा, कारण तो घर्षणानेच धरतो. नट पुस्तिकेत दिलंय तेवढा आवळा. पुस्तिका नसेल तर ही शेवटची आवळणी मिस्त्रींसमोर करा. पिनचं भोक आणि नटाची खाच समोरासमोर आली नाही तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. पिन नवीन घ्या. दोन-पाच रुपयांची वस्तू आहे, पण ती नसली तर हादऱ्याने नट सुटतो, आणि चालत्या ट्रॅक्टरचं चाक हातातून जातं. पिनच्या जागी खिळा किंवा तार घातलेली मी पाहिली आहे. असं दिसलं तर त्या दिवशी ट्रॅक्टर भाड्याने देऊ नका, समोरचा कितीही घाईत असो.

सगळं बसलं की बाहेरच्या आट्यांवर आणि नटांवर ग्रीसचा जाडसर थर द्या. स्प्रे उडून जातो, ग्रीस टिकतं. ग्रीसगनने निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. यंत्राच्या वहीत, जिथे तास आणि भाडं लिहितो तिथेच, तारीख आणि कुठला नट उघडला ते लिहा, आणि उलट्या आट्यांची बाजू कुठली ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात. रॉडवरही त्या बाजूला रंगाचा एक पट्टा मारा. आमच्या त्या गटाने लाल पट्टा मारलाय.

मग मोकळ्या शेतात, कुणाला मागे न बसवता, हळू चालवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. तासभर काम झालं की थांबा, खाली वाका, पान्याने प्रत्येक नट एकदा तपासा आणि पिनचे दोन्ही पाय वाकलेले आहेत ना ते बोटाने चाचपून बघा.